दोघांचं आवार

शूटिंगची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही जरा पुढं सरकून बसला असाल. हिरॉईन जवळनं कशी दिसते, हिरो खरंच उडी मारतो का, हे ऐकायचं असतं सगळ्यांना. म्हणून ते आधीच सांगून टाकतो. हिरॉईनला मी दोनदा पाहिलं. एकदा पाठमोरी आणि एकदा मोटारीत तोंड उघडं टाकून झोपलेली. हिरोनं उडी मारली ती कडब्याच्या भाऱ्यावर, आणि तरी पाय मुरगाळून घेतला. झालं. शूटिंगची गोष्ट संपली. तेवढ्यासाठीच जे आले असतील त्यांनी उठायला हरकत नाही.

बसलाच असाल तर एका माणसाबद्दल सांगतो. त्यानं जन्मात एकच सिनेमा पाहिला, तोही मध्यंतरापर्यंत. पुढचा का नाही पाहिला, असं मी विचारलं तर म्हणाले, "त्या बाईला दोनदा सांगितलं, ह्यो मानूस बरा न्हाई म्हनून. आयकंना. मग कशाला बसायचं?"

आम्ही सगळे त्यांना मालक म्हणायचो. सांगलीहून हरिपूरला जायच्या रस्त्याला त्यांचं आवार होतं आणि आमच्या घराची मागची खिडकी त्या आवारावर उघडायची. वरनं बघितलं तर आवारात काहीच नाही. चार बाजूंनी भिंत, एक पत्र्याची कचेरी, एक कडुलिंब, बाकी उघडी जमीन. सगळा माल जमिनीच्या पोटात. तिथली माती अशी की खणली तरी ढासळत नाही, म्हणून हळद वखारीत ठेवण्यापेक्षा जमिनीत पेवं खणून भरायची. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं पोट. भरून झालं की तोंड मातीनं लिंपायचं आणि चांगला भाव येईपर्यंत विसरून जायचं. अशी नंबर घातलेली पेवं होती त्यांची. नवखा माणूस मोकळं मैदान समजून बेधडक चालायला लागला की मालक ओरडायचे नाहीत, नुसती काठी आपटायचे. माणूस एक पाय वर धरून जागच्या जागी थांबायचा.

ओरडायचे नाहीत, कारण बोलायचेच फारसे नाहीत. हळदीच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतात. भोवती दहा माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. मालकांची हयात त्यात गेलेली. "तोंडाचा भाव खोटा, हाताचा खरा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि हे वाक्य ते बाजारात सोडून घरी येत नसत. दाढी करून घ्यायच्या आधी न्हाव्याचा हात रुमालाखाली धरायचे. दूधवाल्याचा धरायचे. एकदा सवयीनं भाजीवालीपुढं रुमाल पसरला तर ती म्हणाली, "आवं मालक, वांगी घ्यायची तर तोंडानं बोला. माजा दादला पाठीमागं हुबा हाय." त्या दिवशी मालक वांग्यांवाचून घरी आले.

आता माझी पंचाईत बघा. गावात मी नकलांसाठी प्रसिद्ध. कंडक्टर, कंपाउंडर, कीर्तनकार, कुणीही सांगा. शाळेत असताना हेडमास्तरांच्या आवाजात शिपायाला घंटा द्यायला सांगितली आणि अख्खी शाळा दीड तास लवकर सुटली. ती छडी अजून थंडीत आठवते. पण मालकांची नक्कल काही होईना. नकलेला आवाज लागतो. काठी आपटण्याची नक्कल करून कोण हसणार?

त्यांचा आवाज मिळायची वेळ एकच. दुपारी बाराला मालक भाकरीचं फडकं घेऊन कोपऱ्यातल्या सात नंबरच्या पेवाशी जाऊन बसायचे. सगळ्या आवारात तेवढं एकच रिकामं होतं. तोंडावरची फरशी बाजूला सारायचे, भाकरी सोडायचे आणि आत वाकून बोलायचे.

"आज कालवण खारट झालंय."

खालनं पेव म्हणायचं, "...खारट झालंय."

"व्हय," मालक म्हणायचे आणि पुढचा घास घ्यायचे.

मी खिडकीतनं हसून हसून लोळायचो. एकदा धीर करून विचारलंच, मालक, पेवाशी काय बोलता? ते म्हणाले, "त्येच बरं. मी जेवडं बोलतो तेवडंच बोलतंय. पदरचं घालत न्हाई."

बायको लग्नानंतर तीन वर्षांत गेली होती. मूल नाही. एक धाकटा भाऊ होता, दोघं मिळून धंदा करायचे. तो अकरा वर्षांपूर्वी भांडून कोरेगावला निघून गेला आणि तिथं घेवड्याचं दुकान टाकून बसला. भांडण कशावरनं झालं, हे गावात पाच जणांना विचारलं तर सहा उत्तरं मिळायची. मी मालकांनाच विचारलं होतं. कडुलिंबाकडं बघत म्हणाले, "मला आता आठवत न्हाई. पर त्यो इसारला नसंल." पेवांची तोंडं लिंपायचं काम त्या भावाचं. तो गेला तेव्हा सात नंबरचं लिंपायचं राहून गेलं. बाकीची पुढं हमाल लिंपायला लागले, पण त्या पावसाळ्यात सात नंबरमध्ये पाणी शिरलं, आतली हळद कुजली, आणि तेव्हापासून सात नंबर रिकामं.

आवार मोठं, मोक्याचं. त्यामुळं परवानगी मागायला लोक सारखे यायचे. कुणाला लग्नाचा मांडव घालायचा असे, कुणाला निवडणुकीची सभा. मालकांचं सगळ्यांना एकच उत्तर, "दोघांचं हाय. त्येला इचारा." आता मांडवासाठी कोरेगावला कोण जातंय? लोक म्हणायचे, म्हाताऱ्यानं नाही म्हणायची बरी युक्ती काढली आहे. मलाही तसंच वाटायचं.

मग आली कोल्हापूरची सिनेमा कंपनी. त्यांच्या गोष्टीत दरोडेखोर हिरोच्या बापाला पेवात टाकतात आणि हिरो उडी मारून त्याला वर काढतो. खरं पेव पाहिजे, वर उघडी जमीन पाहिजे, मागं कडुलिंब असला तर सोन्याहून पिवळं. कंपनीचा मॅनेजर पान खाणारा, येईल त्याला राजा म्हणणारा. तो स्टँपाचा कागद घेऊन मालकांकडं गेला आणि सही मागितली. मालकांनी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. रुमाल काढला, मॅनेजरचा हात धरला. मॅनेजर गुदगुल्या झाल्यासारखा खिदळला. मालकांनी रुमाल घडी करून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, दोघांचं हाय.

बाहेर येऊन मॅनेजरनं मला गाठलं. कुणीतरी सांगितलं होतं त्याला, हा नकल्या पोरगा शेजारचाच आहे म्हणून. "राजा," तो म्हणाला, "एवढी परवानगी काढून दे. सिनेमात काम देतो. दोन वाक्यं." ती वाक्यं त्यानं तिथंच सांगितली: पाटील, घात झाला. म्हाताऱ्याला पेवात टाकला. मी ती दोन वाक्यं घरी येईपर्यंत अकरा आवाजांत म्हणून पाहिली. मॅट्रिकला दोनदा बसलेल्या माणसाला याहून चांगलं काय मिळणार? मिरजेला जाऊन पुण्याची पॅसेंजर धरली आणि कोरेगावला उतरलो.

दुकान सापडलं, पण फळ्या लावलेल्या. दुपारची वेळ. मी फळी वाजवली. आतनं आवाज आला, "कोन हाय?"

काय आवाज होता! नाकातनं निघून घशात परत जाणारा, आणि शेवटचा शब्द अर्धा गिळणारा. नकल्याला असा आवाज मिळणं म्हणजे उघड्यावर पडलेलं सोनं. मी फळीला तोंड लावून सगळं सांगितलं: सांगलीचं आवार, सिनेमा, परवानगी, तुमचे थोरले बंधू म्हणतात तुम्हाला विचारायला. मग एका दमात आलं, "आवार त्येचं, जमीन त्येची, पेवंबी त्येचीच. अकरा वर्सांनी मला कशाला इचारतोय? जा." फळी काही निघाली नाही. मी पायऱ्या उतरलो तर मागनं पुन्हा आवाज आला, "ए, थांब. सात नंबरचं तोंड लिंपलं का म्हनावं. पान्याच्या आत." मी बरं म्हणालो आणि स्टेशनचा रस्ता धरला. माणसाचं तोंड काही दिसलं नाही.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी विचार केला. हे असं जाऊन सांगितलं तर परवानगी गेली आणि माझी दोन वाक्यंही गेली. पण आवाज तर माझ्याजवळ आहे. मग मी त्या आवाजासाठी नवं भाषण तयार केलं. समोर एक म्हातारी करंड्या घेऊन बसली होती. मी खिडकीकडं तोंड करून सराव करायला लागलो तशी ती करंड्या उचलून दुसऱ्या बाकावर गेली. सात नंबरची गोष्ट मी भाषणात घेतली नाही. तोंड लिंपण्यात काय नाट्य आहे?

दुसऱ्या दिवशी बाराला आवारात गेलो. मालकांना म्हटलं, कोरेगावला जाऊन आलो. घास हातातच राहिला त्यांचा.

"गेलतास?"

"व्हय."

"खरंच गेलतास?" अकरा वर्षांत इतक्या लोकांना त्यांनी कोरेगावची वाट दाखवली होती. जाऊन आलेला मी पहिलाच. मग त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हनला?"

मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि तो आवाज काढला. "दादा, आवार दोघांचं हाय. तू म्हंशील तसं. येऊ देत सिनेमावाल्यांस्नी. आन तू जीवाला जप."

मी हजारो नकला केल्या असतील. लोक हसतात, टाळ्या देतात, कुणी अंगावर धावून येतं. मालकांनी डोळे मिटले. भाकरीचा तुकडा ठेवून दिला आणि म्हणाले, "परत म्हन." मी परत म्हटलं. "परत." तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मला जरा अवघडल्यासारखं झालं.

मग डोळे उघडून त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. "सबूद दिला म्हंजी हात दिला आसंल त्येनं. कसा दाबला, दाव."

मी घाबरलो, पण नकल्या कधी अडतो का? त्यांचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि पाचही बोटांनी चांगला मर्दासारखा दाबला. त्यांचा हात माझ्या हातात तसाच पडून राहिला. दाबला नाही, काढला नाही. मग त्यांनी रुमालाची घडी घातली, त्या घडीची पुन्हा घडी घातली आणि विचारलं, "कवा येनार तुमची मानसं?"

परवानगी मिळाली. मॅनेजरनं मला पानाचं तोंड घेऊन मिठी मारली. तो शर्ट आईनं तीनदा धुतला.

शूटिंगला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मालक रोज बाराला माझ्या खिडकीखाली येऊन काठी आपटायचे. मी उतरायचो. ते सात नंबरशी बसायचे आणि मला म्हणायचे, "बोल त्येच्यावानी कायतरी." मला काय, आयतं गिऱ्हाईक. आणि म्हातारा शूटिंगपर्यंत खूश राहिला पाहिजे, हाही हिशेब होताच. मी बोलायचो. घेवडा यंदा बरा आलाय. गुडघा दुखतोय. तिकडं पाऊस हाय का. दोनतीन दिवसांनी त्यांनी नवीनच काढलं. माझ्याकडं पाठ करून बसले आणि म्हणाले, "माज्याकडं बगून नगं. खाली वाकून बोल." मी पेवाच्या तोंडात वाकून बोललो. माझा आवाज खाली गेला आणि भावाचा होऊन वर आला. मालकांनी पाठमोरंच उत्तर दिलं, "हितं न्हाई आजून पाऊस." मग मी पुढचं विचारायचो आणि ते पुढचं सांगायचे. कधी भाकरी सुकून जायची. पहिल्या दिवशी मी घरी जाऊन त्याची नक्कल करून आईला हसवलं. तिसऱ्या दिवशी करायला गेलो तर ती म्हणाली, पुरं कर, मला नाही हसू येत.

शूटिंगच्या दिवशी मालक फेटा बांधून आले. कंपनीनं त्यांना घडीची खुर्ची दिली. त्यांनी आणखी एक मागितली आणि शेजारी मांडून ठेवली. तिच्यावर डायरेक्टर बसायला गेले तर काठी आपटली. डायरेक्टर दिवसभर उभे.

आणि घाई तर त्यांनी कुणाची चालू दिली नाही. मॅनेजर म्हणाला, राजा, ऊन आहे तोवर उरकू. मालकांनी कंदील मागवला. बंद जागेत खाली वाईट हवा धरून राहते. ती दिसत नाही, वास येत नाही, आणि आत उतरलेला माणूस बसल्या बसल्या जातो. म्हणून आधी पेटता कंदील सोडायचा. मॅनेजर म्हणाला, अहो, हे तर तुम्ही रोज उघडता. मालक म्हणाले, "उघडतो. उतरत न्हाई." कंदील दोरीनं खाली गेला आणि तळाशी टेकायच्या आत विझला. मॅनेजरचं पान चघळायचं थांबलं. मग कडुलिंबाची फांदी दोरीला बांधून हमालांनी ती दुपारपर्यंत खालीवर केली. कंदील पुन्हा सोडला, विझला. पुन्हा फांदी. तिसऱ्यांदा कंदील तळाशी जळत राहिला तेव्हा मालक म्हणाले, मालकानं आधी उतरायचं असतं. फेटा काढून खुर्चीवर ठेवला, रिकाम्या खुर्चीवर, आणि दोर धरून उतरले. बराच वेळ खाली होते. वर आले तेव्हा धोतराला ओली माती लागलेली होती.

माझी दोन वाक्यं संध्याकाळच्या उन्हात उरकली. पाटील, घात झाला. सगळे म्हणाले, झकास. मालकांकडं बघितलं तर ते फाटकाकडं बघत बसले होते.

मोटारी निघाल्या तशी मीही टपावर चढून कोल्हापूरला गेलो. निरोप घ्यायचं ध्यानात आलं तेव्हा अंकलीचा पूल मागं पडला होता. पुढं दोन वर्षं मी कंपनीत पडेल ते काम केलं, खुर्च्या उचलल्या, चहा सांगितला. सणासुदीला घरी आलो की मागची खिडकी लावून घ्यायचो. आई म्हणायची, वारा येऊ दे की रं. मी म्हणायचो, धूळ येते. बाराच्या सुमाराला काठी आपटल्याचा आवाज पहिल्या दिवाळीला आला. पुढच्या दिवाळीला आला नाही.

मग सिनेमा सांगलीत लागला. गल्लीतली वीस पोरं घेऊन मी पुढच्या बाकांवर बसलो. माझी वेळ आली, पडद्यावर मी पळत आलो, तोंड उघडलं, आणि आतनं दुसऱ्याच कुणाचा तरी चिरका आवाज आला. माझा आवाज त्यांनी काढून टाकला होता आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. पोरं एवढी हसली की पेवात पडलेल्या म्हाताऱ्याचं कुणाला काही वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी घरात तोंड लपवून बसलो होतो. दुपारी उकडायला लागलं म्हणून खिडकी उघडली. मालक सात नंबरशी बसले होते. आत वाकून बोलत होते, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. नाकातनं काढायचा प्रयत्न चालला होता. "दादा," म्हणायचे, खोकायचे, थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. भावाची नक्कल करत होते. म्हणजे मी करायचो त्या भावाची. जमत नव्हती.

मी चपला न घालताच गेलो.

त्यांनी वर बघितलं. "झाला का शिनेमा?"

"झाला मालक." मी समोर उकिडवा बसलो. "मालक, एक सांगायचं हुतं. त्यो आवाज..."

"ठाव हाय."

"परवानगी तुमच्या भावानं..."

"तवाच ठाव हुतं." त्यांनी उजवा हात वर केला आणि त्यातली दोन बोटं मुडपून धरली. "त्येच्या ह्या हाताला ही दोन न्हाईत. ल्हानपनी चरकात गेली. ऊस त्यो घालत हुता, बैल मी हाकत हुतो. आन तू माझा हात पाची बोटांनी दाबलास."

मी विचारलं, मग परवानगी कशी दिली?

"आवाज त्येचा हुता," मालक म्हणाले. मग म्हणाले, "मला वाटलं, शिनेमा झाल्यावरबी येत जाशील."

हेडमास्तरांपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांचे आवाज माझ्याजवळ होते आणि त्यातला एकही त्या वेळी उपयोगाचा नव्हता.

"खरं काय म्हनला, त्ये तर सांग," मालक म्हणाले.

मी सांगितलं. त्याच आवाजात, जसं ऐकलं तसं. आवार त्येचं, जमीन त्येची, अकरा वर्सांनी मला कशाला इचारतोय, जा. मालक मान हलवत होते. वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. उलट ओळखीचं माणूस लांबनं येताना दिसावं तसे बघत होते. "ह्यो त्योच," म्हणाले. "ह्यो खरा त्योच." त्यांना बरं वाटलं म्हणून मलाही बरं वाटलं, आणि उरलंसुरलं सांगून टाकावं म्हणून मी म्हटलं, "आन मग जाताना मागनं कायतरी बोलले. ए, थांब. सात नंबरचं तोंड लिंपलं का म्हनावं. पान्याच्या आत."

मालकांची मान हलायची थांबली.

"ह्ये कवा म्हनला?"

"तवाच की. दोन वर्सांमागं."

"आन तू मला आज सांगतुयास."

मग मी तो आवाज ऐकला जो खिडकीतनं कधी ऐकला नव्हता. हमाल काम टाकून उभे राहिले. आमच्या घरातनं आई बाहेर आली.

"मुडद्या, गुडघा दुखतोय म्हून सांगितलंस. घेवडा आलाय म्हून सांगितलंस. जीवाला जप म्हून सांगितलंस. आरं, जन्मात कवा त्येनं असलं कायतरी म्हटलंय व्हय? आन जे म्हटलं, त्ये तू गिळून बसलास. अकरा वर्सांनी त्येनं एक गोष्ट इचारली रं मला. एक. आन म्यां उत्तर दिलं न्हाई. दोन पावसाळं गेलं. त्यो तिकडं काय म्हनत आसंल? थोरल्याला इचारलं तर थोरला तोंड फिरवून बसला म्हनत आसंल."

मी म्हटलं, दुपारची पॅसेंजर आहे, तुम्ही चला, मी येतो बरोबर.

"कंच्या तोंडानं जाऊ? तू नेलंस त्ये तोंड." काठी आपटली. "जा. तूच जा. आत्ताच्या आत्ता. म्हनावं, न्हाई लिंपलं. तू गेल्यापासनं कुनी लिंपलं न्हाई, मला येत न्हाई. येवडंच सांग. थोरला रडला म्हनू नगंस, जेवत न्हाई म्हनू नगंस, पदरचं येक अक्षर घालू नगंस."

मी उठलो. फाटकापर्यंत गेलो तर मागनं पुन्हा काठी आपटली. मी एक पाय वर धरून थांबलो.

"आन माझा आवाज काढशील तितं, तर तंगडं मोडीन. तुझ्या आवाजात सांग, गाढवा."